पाळी शिकवायची ती कोरड्या दिवसांत

"ताई, हिला पाळी आली की मग शिकवते." बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळेत शिकवताना हे वाक्य मी जवळजवळ दर जूनमध्ये ऐकते. मुलगी दहा-अकरा वर्षांची असते, आईच्या मनात धास्ती असते आणि विषय जमेल तितका पुढे ढकलायचा असतो. अशा वेळी मी त्या आईसमोर एक हिशेब मांडते. पाळी महिन्यातून एकदा, चार-पाच दिवस. म्हणजे वर्षाला बारा वेळा. जिला बटण लावायला रोजच्या सरावाने सहा महिने लागले, ती पॅड बदलायला वर्षातल्या बारा खेपांत कशी शिकेल? तेही पोट दुखत असताना, रक्त बघून बिचकलेली असताना, आणि आई कामाच्या घाईत असताना. उरलेले पंचवीस दिवस मोकळेच असतात. शिकवायचं ते त्या कोरड्या दिवसांत, आणि पहिली पाळी येण्याच्या निदान वर्षभर आधीपासून.

सुरुवात कधी करायची

मुलीची छाती भरायला लागली की साधारण दोन वर्षांत पाळी येते. निकरवर पांढऱ्या स्रावाचे डाग दिसू लागले तर बहुतेक वेळा सहा महिने ते वर्षभराचा अवधी उरलेला असतो. "ही मनाने लहान आहे, शरीरही उशिरा मोठं होईल" असं पुष्कळ घरांत धरून चालतात. तसं होत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलींनाही पाळी साधारण इतर मुलींच्याच वयात येते. म्हणून नऊ-दहाव्या वर्षी तयारीला लागा.

पॅड हातात देण्याआधी चार गोष्टी पाहा: निकर स्वतः खाली-वर करता येते का, शू-शी झाल्यावर धुता येतं का, साबणाने हात धुते का, बाथरूममध्ये गेल्यावर दार लावते का. यातलं जे कच्चं असेल तिथून सुरुवात करा. सलवारीची नाडी हा पुष्कळ मुलींचा खरा अडसर असतो. नाडी सुटत नाही, सुटली तर बांधता येत नाही, आणि एवढ्यावरून घरचे ठरवून टाकतात की हिला जमणार नाही. सगळ्या सलवारी आणि परकरांना इलॅस्टिक घाला. एका दुपारचं शिवणकाम आहे, आणि त्याने निम्मी अडचण दूर होते.

घरात शब्द एकच हवा

आपल्याकडे पाळीला नावं किती! अडचण, बाहेरची, बाजूला बसणं, कावळा शिवणं, एमसी, डेट. आपल्याला ती सगळी कळतात. पण बौद्धिक दिव्यांग मुलगी शब्दाचा सरळ अर्थ घेते. आमच्याकडे एका मुलीच्या आजीने तिला पहिल्या पाळीला "तुला कावळा शिवला" असं सांगितलं. पुढे कित्येक महिने ती मुलगी कावळा ओरडला की दोन्ही हातांनी डोकं झाकून घरात पळायची. आईला कारण समजायला बराच वेळ लागला. आजीला वाईट वाटलं. तिच्या तोंडी तो शब्द साठ वर्षं होता.

म्हणून आई, आजी, ताई, शाळेतल्या बाई, शाळेतल्या मावशी या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. "पाळी" हा पुरेसा आहे. समजावणंही दोन-तीन वाक्यांचं ठेवा: "तू मोठी होतेस. मोठ्या मुलींना पाळी येते. शूच्या जागेजवळून थोडं रक्त येतं, मग थांबतं." अंडाशय, गर्भाशय हे ज्या मुलीला पेलेल तिला नंतर सांगता येईल.

रक्ताची भीती मात्र नीट हाताळावी लागते. या मुलींच्या लेखी रक्त म्हणजे लागलं. पडल्यावर रक्त येतं, सुई टोचल्यावर येतं, मोठी माणसं धावतात. तेव्हा "हे लागल्याचं रक्त नाही, हे पाळीचं रक्त" हे वाक्य पाळी येण्याआधी पुष्कळदा कानावर पडायला हवं. यावर सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे आईने स्वतःचं वापरलेलं पॅड दाखवणं. आयांना हे ऐकून अवघडायला होतं, मला माहीत आहे. पण मुलगी आईचं पाहून पोळी लाटायला शिकते, वेणी घालायला शिकते. आई शांतपणे "बघ, आईला पाळी आली, आई पॅड बदलते" असं म्हणाली तर मुलीला कळतं की यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आईलाही होतं. ज्या घरात आई नाही तिथे मावशी, आत्या किंवा मोठी बहीण हे करू शकते. एकट्या वडिलांनी मुलीला पॅडची सवय लावल्याचीही उदाहरणं मी पाहिली आहेत. ते बाहुलीवर शिकवायचे.

अंगाला पॅडची सवय

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे फसतात. पॅड हे अंगाला टोचणारं, सरकणारं, आवाज करणारं काहीतरी असतं. स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलींना तर ते असह्य होतं. त्या ते ओढून काढतात आणि दिसेल तिथे टाकतात. त्यावर रागावून उपयोग होत नाही.

पहिले काही दिवस पॅड नुसतं हातात द्या. सोलू दे, चिकटवू दे, बाहुलीला लावू दे. मग सगळ्यांत पातळ आणि छोटं पॅड निकरमध्ये लावून दहा मिनिटं, तिच्या आवडत्या कामाच्या वेळी, म्हणजे गाणी ऐकताना किंवा टीव्ही पाहताना. वेळ संपली की तुम्हीच काढा, तिने ओढून काढायच्या आधी. पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं, मग तासभर, मग जेवणापासून चहापर्यंत. यात महिना-दोन महिने जातील. वरचं आवरण जाळीसारखं खरखरीत असेल तर कापसासारख्या मऊ आवरणाचं पॅड घेऊन पाहा. वासाची पॅड टाळा. एकदा तिला चाललेलं पॅड बदलू नका. दुकानात स्वस्त मिळालं म्हणून वेगळं आणलं तर तिच्या दृष्टीने ती नवीनच वस्तू असते. पॅड काही केल्या सहन होत नसेल तर मऊ सुती कापडाचं पॅड किंवा पाळीसाठी मिळणारी शोषक निकर हा चांगला मार्ग आहे. मेन्स्ट्रुअल कपने, म्हणजे योनीत बसवायच्या छोट्या कपाने, सुरुवात करू नये.

निकर घट्ट बसणारी, सुती, गडद रंगाची घ्या. ढगळ निकरमध्ये पॅड हलतं. चार-पाच निकरांवर आतल्या बाजूला पॅडचा आकार ठेवून कडेने रंगीत दोऱ्याने टाके घाला. "रेषेच्या आत चिकटव" हे मुलीला लगेच समजतं, "नीट मध्यभागी लाव" हे समजत नाही. पुढची बाजू कळण्यासाठी तिथे एक छोटं फूल भरा.

पॅड बदलण्याची साखळी

आपण पॅड बदलतो ते एक काम वाटतं. प्रत्यक्षात ती बारा-तेरा कामं असतात. कागदावर लिहून काढा, आणि लिहिण्याआधी स्वतः एकदा सावकाश करून बघा, कारण तुमच्या बाथरूमची मांडणी इतरांपेक्षा वेगळी असते. साधारण अशी:

1. पॅडची पिशवी घेऊन बाथरूममध्ये जाणं
2. दार लावणं
3. निकर गुडघ्यापर्यंत खाली करून बसणं
4. वापरलेलं पॅड पुढच्या टोकाने धरून ओढणं
5. गुंडाळी करून कागदात बांधणं
6. डब्यात टाकणं
7. पाण्याने धुणं, पुढून मागे
8. टिपून कोरडं करणं
9. नवीन पॅड उघडून मागचा कागद सोलणं
10. रेषेच्या आत चिकटवणं, दाबणं
11. पॅडचे पंख (कडेच्या चिकटपट्ट्या) बाहेरून दुमडणं
12. निकर वर ओढणं, कपडे सारखे करणं
13. साबणाने हात धुणं

बसण्याबद्दल एक सूचना. भारतीय पद्धतीच्या संडासावर उकिडवं बसून हे सगळं करताना मुलींचा तोल जातो, पॅड भांड्यात पडतं आणि पाइप तुंबतो. त्यापेक्षा बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवा आणि पॅड त्यावर बसून बदलायला शिकवा. दोन्ही हात मोकळे राहतात.

आता ही साखळी शिकवायची उलट्या टोकाकडून. पहिल्यापासून सुरू केलं तर मुलगी चौथ्या-पाचव्या पायरीला अडते, आई उरलेलं उरकते, आणि मुलीच्या लक्षात राहतं ते अडणं. त्याऐवजी पहिल्या बारा पायऱ्या तुम्ही तिच्या हाताला धरून करा आणि शेवटचं हात धुणं तिच्यावर सोडा. ते जमलं, शाबासकी मिळाली, काम तिच्या हातून पूर्ण झालं. चार-पाच दिवस हे सलग जमलं की निकर वर ओढणं तिच्याकडे द्या. मग पंख. असं मागे मागे सरकायचं. एखादी पायरी महिनाभर अडेल. पंख दुमडणं अनेकींना जमत नाही. सरळ बिनपंखांचं पॅड घ्या आणि पुढे जा.

मदत कशी करायची यालाही क्रम आहे. आधी मागे उभं राहून तिचे हात धरून करायचं, मग नुसता कोपराला स्पर्श, मग बोटाने खूण, मग काहीच नाही. तोंडाने सूचना शक्यतो कमी. आया सतत बोलत असतात: "आता काढ, हं, आता गुंडाळ, अगं तसं नाही." मुलगी त्या आवाजावर काम करते आणि आवाज थांबला की तीही थांबते. हाताची मदत काढून घेणं सोपं जातं, बोलण्याची सवय सुटायला फार वेळ लागतो. ती थांबली तर मनातल्या मनात दहा अंक मोजा. पुष्कळदा सातव्या-आठव्या अंकाला तिचा हात पुढे सरकतो.

भिंतीवर चित्रपट्टी लावा. तुमच्याच बाथरूमचे, तुमच्याच डब्याचे, तिच्याच पिशवीचे फोटो काढून प्लास्टिकच्या आवरणात घाला. एक पथ्य कडक पाळा: मुलीचे फोटो काढायचे नाहीत, अर्ध्या कपड्यांतले तर कधीच नाहीत. बाहुली किंवा नुसती निकर पुरते.

सरावासाठी पॅडवर बिटाचा रस घाला. तो वाळला की तपकिरीही होतो, रक्तासारखाच. सरबत किंवा खायचं दुसरं काही वापरू नका, आणि रस घालताना तिला दाखवू नका. नाहीतर पॅडवरचं लाल म्हणजे खायची वस्तू अशी गाठ बसेल. आठवड्यातून तीन वेळा, दिवसाच्या ठरलेल्या वेळी सराव पुरेसा आहे. एका वहीत प्रत्येक पायरीपुढे खूण करा: स्वतः केलं, खुणेने केलं, हात धरून केलं. रोज पाहताना काहीच बदलत नाही असं वाटतं. तीन महिन्यांपूर्वीचं पान उघडलं की फरक दिसतो.

बदलायचं कधी

"भरलं की बदल" हे या मुलींना सांगू नका. किती म्हणजे भरलं हा अंदाज अवघड असतो. वेळ दिनक्रमाला बांधा: सकाळच्या अंघोळीला, शाळेत डब्याच्या आधी, घरी आल्यावर, दिवेलागणीला, झोपताना. यामुळे दिवसा साधारण चार-पाच तासांनी पॅड बदललं जातं आणि तेवढं योग्य आहे. पॅड कोरडं दिसलं तरी बदलू द्या. सवय बसेपर्यंत थोडी पॅड वाया जातात, ती जाऊ द्यावीत.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या दिवशी तिच्याच हाताने लाल टिकली चिकटवून घ्या. तीन-चार महिन्यांनी तुम्हालाही अंदाज येतो. सुरुवातीची दोन वर्षं पाळी अनियमित असू शकते. दोन पाळ्यांत 21 ते 45 दिवसांचं अंतर या वयात चालतं.

वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यात कचरावेचक महिलांसाठी सुरू झाली, म्हणजे कचरा वेगळा करताना त्यांचा हात त्यात जाऊ नये. ही पद्धत आमच्या मुलींना फार आवडते. कागद आधीच कापून, लाल ठिपका काढून गठ्ठा बाथरूममध्ये ठेवता येतो, आणि ठिपका काढण्याचं काम मुलगीच करू शकते. कापड वापरत असाल तर ते गार पाण्यात भिजवायचं, साबणाने धुवायचं आणि उन्हात उघड्यावर वाळवायचं. साडीखाली लपवून वाळवलेलं कापड दमट राहतं आणि खाज सुटते, आणि ही मुलगी "खाजतंय" असं सांगणार नाही, चारचौघांत खाजवेल.

पहिल्या दिवशी

खरी पाळी येईल तेव्हा आरडाओरडा नको, रडणं नको, फोनाफोनी नको. ठरलेला शब्द, ठरलेली पिशवी, ठरलेली साखळी. सरावात जमलेल्या काही पायऱ्या त्या दिवशी मोडतील. दोन पावलं मागे या, हात धरून करा.

शिवाशिवीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. ज्या मुलीचा रोजचा आनंद देवघरात फुलं वाहणं किंवा आजीच्या मांडीवर बसणं असतो, तिला एके दिवशी "शिवू नको, लांब हो" म्हटलं की तिला एवढंच कळतं की आपल्याला शिक्षा झाली. कशाची, हे कळत नाही. मग ती पाळी लपवते, पॅड काढून फेकते, किंवा स्वतःला मारून घेते. महिनोन्महिने शिकवलेलं त्या एका "लांब हो"ने वाया जातं. घरातल्या मोठ्यांशी हे आधीच बोलून ठेवा. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही परस्पर आणून देऊ नका, विशेषतः मुलगी फिटच्या गोळ्या घेत असेल तर.

खाजगी म्हणजे काय

पाळीच्या निमित्ताने आणखी एक मोठी गोष्ट शिकवता येते. पॅड फक्त बाथरूममध्ये. पाळीबद्दल बोलायचं फक्त ठरलेल्या माणसांशी. ती माणसं दोन-तीनच असावीत, त्यांचे फोटो चित्रपट्टीच्या शेजारी लावा: आई, मावशी, शाळेतल्या अमुक बाई. या तिघींशिवाय कोणीही निकरला हात लावला तर मोठ्याने "नाही" म्हणायचं आणि आईला सांगायचं. हे नाटक करून शिकवा, पुन्हा पुन्हा. आणि तुम्हीही मदत करताना दर वेळी विचारा, "मी मदत करू?" जिच्या अंगाला आयुष्यभर सगळ्यांनी न विचारता हात लावला, तिला परक्याचा हात वेगळा कसा वाटेल?

दाराला वरची कडी नको. आत अडकल्याचे प्रसंग घडतात. दार लोटून बाहेर पाटी लटकवली तरी चालतं, किंवा बाहेरून उघडता येईल असं कुलूप बसवा.

नियमित पाळी अचानक थांबली, मुलगी एखाद्या माणसाला किंवा जागेला घाबरू लागली, तर तिच्यावर काही प्रसंग ओढवला नाही ना, हे शांतपणे तपासा. अठराखालच्या मुलींना 2012 च्या पोक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, संरक्षण आहे. 1098 ही चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते.

दुखणं आणि डॉक्टर

बोलता न येणारी मुलगी पोट दुखतंय हे वेगळ्या रीतीने सांगते: जेवण सोडते, गुडघे पोटाशी घेते, डोकं आपटते, चावते. हे दर महिन्याला त्याच सुमाराला होतंय का, हे कॅलेंडरवरून कळतं. गरम पाण्याची पिशवी देताना आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा आणि टॉवेलात गुंडाळून द्या, चटका बसला तरी ती सांगेलच असं नाही. वेदनाशामक गोळी तिच्या इतर औषधांची माहिती असलेल्या डॉक्टरांना विचारून द्या. काही मुलींना पाळीच्या सुमाराला फिट वाढतात. तारखा टिपून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. फिटसाठी दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएटमुळे पाळी अनियमित होऊ शकते, वर्तनाच्या त्रासासाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनमुळे लांबू किंवा थांबू शकते. डाउन सिंड्रोमच्या मुलींत थायरॉइडची तपासणी करून घ्या. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालली, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही आली नसेल तर दाखवायलाच हवं.

आणि तो प्रश्न, जो आया दबक्या आवाजात विचारतात: "पिशवीच (गर्भाशयच) काढून टाकली तर?" त्यांचा थकवा मला दिसतो. तरीही माझं उत्तर नाही असंच आहे. 1994 साली पुणे जिल्ह्यात शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या काही मुलींची गर्भाशयं काढण्यात आली, कारण त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, असं सांगितलं गेलं. महिला संघटना आणि दिव्यांगांच्या संघटना रस्त्यावर आल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. आज 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 10 सांगतं की दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही, फक्त गरोदरपणातून तो उघड होण्याची वाट बंद होते. रक्तस्राव खरोखर झेपत नसेल तर तो कमी करणारी औषधं आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांशी त्यावर बोला.

जिला सगळं जमणार नाही

काही मुली तेराही पायऱ्या कधीच करणार नाहीत. त्यांच्यासाठी एखादी पायरी निवडा आणि ती पूर्णपणे त्यांची करा. झोपून असलेली मुलगी "उचल" म्हटल्यावर कंबर उचलू शकते. हात चालत असेल तर नवीन पॅड आईच्या हातात देऊ शकते. दोन रंगांच्या निकरांतून आजची कोणती हे डोळ्यांनी दाखवू शकते.

आमच्याकडची एक मुलगी आता सतरा वर्षांची आहे. तिला पॅड लावता येत नाही. पण आईने कपाटातून ती फुलाफुलांची पिशवी काढलेली दिसली की ती उठते, आईच्या पुढे चालत बाथरूममध्ये जाते, आई आत येईपर्यंत थांबते आणि दार स्वतः लोटून घेते.